एका वर्षात दुभंगलेल्या ओठांची चार बाळे : वाढ की योगायोग?

प्रसूतिकक्षातील परिचारिका :
आमच्या उपजिल्हा रुग्णालयात वर्षाला साधारण १४०० प्रसूती होतात. यंदा दुभंगलेल्या ओठांची चार बाळे जन्मली आणि ‘पाण्यातच काहीतरी आहे’ अशी कुजबुज सुरू झाली. ही खरी वाढ आहे की योगायोग, हे कसे ठरवावे?

संख्याशास्त्राचा शिक्षक :
हे व्यंग ढोबळमानाने ७०० जन्मांमागे एक धरतात, म्हणजे आपल्याकडे वर्षाला दोन बाळे अपेक्षित आहेत. सरासरी दोन असताना चार किंवा अधिक बाळे निव्वळ योगायोगानेही सुमारे सात वर्षांतून एकदा आढळतात. आधी मागील दहा वर्षांचे आकडे काढा. शिवाय शेजारच्या तालुक्यांतील अवघड प्रसूती आपल्याकडे येत असतील, तर अंश चार तालुक्यांचा आणि छेद एका रुग्णालयाचा, असा फसवा हिशेब होतो. म्हणून मोजणी आईच्या राहत्या गावानुसार करावी.

निवृत्त बालरोगतज्ज्ञ :
गणित मान्य, पण कुजबुज झटकू नये. पश्चिम जर्मनीत १९५७ साली विक्रीस आलेले थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध गर्भारपणात घेतल्यास बाळाचे हातपाय खुंटत. ते १९६१ च्या नोव्हेंबरात बाजारातून निघाले, तेही हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेंझ यांनी मातांना गर्भारपणातील औषधांविषयी चिकाटीने विचारले म्हणून. खुंटलेल्या हातापायांची बाळे एरवी अतिशय विरळ, त्यामुळे ती नजरेत भरली. नेहमी आढळणाऱ्या व्यंगातील वाढ मात्र सलग नोंदीशिवाय दिसत नाही. अमेरिकेतील अटलांटा परिसरात अशी नोंद १९६७ पासून आहे. फ्रान्समधील ल्योंच्या नोंदीतून १९८२ मध्ये अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट आणि बाळाच्या पाठीच्या कण्यातील दोष यांचा संबंध पुढे आला.

जिल्हा कार्यक्रमातील डॉक्टर :
२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ व टाळू यांची तपासणी होते. परंतु त्याचा मुख्य हेतू बाळाला उपचारापर्यंत नेणे हा आहे. मेंदूची कवटीच न बनलेले गर्भ बहुधा सोनोग्राफीतच कळतात आणि गर्भपातानंतर या मोजणीतून निसटतात. युरोपातील नोंदींत मृत जन्मलेली बाळे आणि असे गर्भपातही धरतात.

प्रसूतिकक्षातील परिचारिका :
आभारी आहे. गर्भपाताची नोंदवही गोपनीय असल्याने तिच्यातून नावांविना केवळ संख्या मिळावी, असा अर्ज वैद्यकीय अधीक्षकांकडे करते. प्रसूतीच्या जुन्या वह्या उद्यापासून काढते. त्यांत ‘व्यंग’ असा स्वतंत्र रकानाच नाही, सारे शेऱ्यांत शोधावे लागेल.