ग्लेंडा जॅक्सन यांची २३ वर्षं वाया गेली, हे मला मान्य नाही

आरती_ठाणे

ज्युडी डेंच आणि मॅगी स्मिथ या ब्रिटिश अभिनेत्रींवरच्या धाग्यात निशिकांत यांनी लिहिलंय: "ग्लेंडा जॅक्सन या दोघींच्याही पुढे होत्या, पण खासदारकीच्या नादी लागून ऐन उमेदीची २३ वर्षं मातीत घातली. कलाकाराने कलाच करावी." वाचून चीड आली. तिथे उत्तर लिहायला बसले, ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

पहिलं म्हणजे, ग्लेंडाबाई इंग्लंडमधल्या बर्कनहेडच्या. वडील गवंडी, आई दुकानांतून आणि लोकांच्या घरी कामं करणारी, चार बहिणींत ही थोरली. शाळा सुटल्यावर औषधांच्या दुकानात नोकरी. मग शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या राडा या नाट्यविद्यालयात गेली. तिथल्या प्राचार्यांनी सांगितलं, चाळिशीपर्यंत फारसं काम मिळेल अशी आशा ठेवू नकोस. चाळिशी गाठायच्या आत तिच्याकडे दोन ऑस्कर होती, १९७० आणि १९७३ या वर्षांसाठीची. दोन्ही वेळा समारंभाला गेली नाही. 'एलिझाबेथ आर' या टीव्ही मालिकेसाठी (१९७१) कपाळावरचे केस भादरून घेतले आणि कोवळ्या राजकन्येपासून मरणाच्या दारातल्या म्हाताऱ्या राणीपर्यंतचा सगळा प्रवास सहा भागांत करून दाखवला.

अशा बाईने राजकारण हौसेखातर केलं नाही. १९९२ मध्ये मजूर पक्ष देशभर हरला, आणि हिने लंडनमधली हॅम्पस्टेड अँड हायगेटची जागा हुजूर पक्षाकडून खेचून आणली. नेमणुकीने मिळालेली खुर्ची नव्हती ती. दारोदार फिरून मतं मागितली होती. आणि 'ऐन उमेद' कसली? निवडून आली तेव्हा ५५ वर्षांची होती. त्या वयाच्या नटीसाठी तेव्हा लिहिलं काय जात होतं? नायकाची आई किंवा नायकाची विधवा. नाटककार बाईला नाटकाच्या केंद्रात ठेवतच नाहीत, ही तिची तक्रार शेवटपर्यंत होती.

निशिकांत

आरतीताई, तुमच्याच मुद्द्यावर बोलतो. पन्नाशीनंतर भूमिका नसतात म्हणता. डेंच १९९५ पासून बाँडपटांत गुप्तहेर खात्याच्या प्रमुख 'एम' झाल्या, १९९८ च्या चित्रपटासाठी ऑस्कर, त्यानंतर किती नामांकनं! मॅगी स्मिथ यांचा तो काळ सांगायलाच नको. दोघी ग्लेंडापेक्षा जवळपास दीड वर्षाने मोठ्या. त्यांना मिळालं ते हिला मिळालं नसतं?

आणि राजकारणात हाती काय लागलं? १९९७ ते १९९९ कनिष्ठ मंत्रिपद, लंडनच्या वाहतुकीचं. लंडनच्या महापौरपदासाठी पक्षाची उमेदवारीसुद्धा मिळाली नाही, फ्रँक डॉबसन यांना गेली. उरलेला बहुतेक काळ पदाविना मागच्या बाकांवर. २०१० मध्ये जेमतेम ४२ मतांनी निवडून आल्या.

मला हे का लागतं ते सांगतो. आमच्या गावच्या हौशी संस्थेत एक नट होता. तसा आवाज मी व्यावसायिक रंगभूमीवरही क्वचित ऐकला. नगरसेवक झाला. 'पुढच्या वर्षी नक्की करू' म्हणत म्हणत गेला, पुन्हा तालमीला आला नाही. त्याच्यासाठी निवडलेलं नाटक आम्ही शेवटी केलंच नाही. दहा माणसं नगरसेवक होऊ शकली असती हो, ती भूमिका दुसऱ्या कुणाला जमली नसती.

वसुधा_पार्ले

निशिकांतराव, तुमचा नट परत आला नाही. ही आली, फरक तिथेच आहे. २०१५ ला संसद सोडली, २०१६ ला ऐंशीव्या वर्षी लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात थेट शेक्सपिअरचा राजा लिअर. मुलीकडे लंडनला होते तेव्हा मी तो पाहिला. एवढीशी काटकुळी बाई, पण शाप द्यायला लागली की शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द स्वच्छ. चोवीस-पंचवीस वर्षं रंगमंचावर पाय न ठेवलेल्या माणसाचा आवाज असा टिकतो का? टिकला, कारण तो रोज वापरात होता. भर सभागृहात गोंगाटावर बोलायची सवय होती.

गवाक्ष

बाईने लिअर करणं मला पटत नाही. त्या नाटकाचा कणा बाप आणि मुली असा आहे. शिरवाडकरांनी लिअरवरून स्फुरलेल्या 'नटसम्राट'मध्येही तो बापच राहिला. अप्पासाहेब उद्या कुणी बाईने केले तर चालेल?

वसुधा_पार्ले

बालगंधर्वांची सिंधू आणि भामिनी बघून अख्खा महाराष्ट्र रडला, तेव्हा कुणी कणा मोजला नव्हता. पुरुषाने लुगडं नेसलं की कला आणि बाईने राजाचा अंगरखा घातला की प्रयोग, हे मला पटत नाही.

गवाक्ष

बालगंधर्वांचा मुद्दा बिनतोड आहे, तेवढं मान्य. पण तेव्हा बायका रंगमंचावर फारशा येत नव्हत्या म्हणून ते झालं. आज लिअर करायला पुरुष नट कमी पडलेत का?

लेस्टरकर

एका गोष्टीचं कुणी नाव घेत नाहीये. एप्रिल २०१३. हुजूर पक्षाच्या माजी पंतप्रधान थॅचरबाई जाऊन दोन दिवस झालेले, संसदेत श्रद्धांजलीची चर्चा, आणि या बाई उभ्या राहून टीकेचा भडिमार करतात. 'बाई? माझ्या व्याख्येत नाही,' असंही म्हणाल्या. घरात प्रेत असताना असं बोलतात का? त्यांचा अभिनय मला आवडायचा. त्या दिवसापासून बघवत नाही.

माझे मामा लेस्टरला होजियरीच्या कारखान्यात होते. १९७८-७९ चा हिवाळा त्यांनी पाहिलाय: रस्त्यावर कचऱ्याचे ढीग, लिव्हरपुलात थडगी खणणारेसुद्धा संपावर. थॅचर आल्या, १९८० चा कायदा झाला, आणि मामांनी कौन्सिलचं, म्हणजे स्थानिक पालिकेचं, भाड्याचं घर सवलतीत विकत घेतलं. आमच्या घराण्यात विलायतेत स्वतःच्या नावावर झालेलं ते पहिलं घर. मामी आजही थॅचरबाईंचं नाव आदराने घेते.

उत्तरवारा

मामांचं घर झालं, आनंद आहे. आता माझं ऐका. माझे वडील सोलापूरहून गेलेले डॉक्टर, साउथ यॉर्कशायरच्या कोळशाच्या गावात दवाखाना. १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप मी शाळकरी वयात तिथे पाहिला. वर्षभर पगार नाही. बायका सामुदायिक स्वयंपाकघरं चालवायच्या, आई तिथे कांदे चिरायला जायची. संप मोडला, पुढे खाण बंद झाली आणि गावाचं कंबरडंच मोडलं. बाबांकडे येणारे पेशंट तेच, पण आता खोकल्याऐवजी झोप लागत नाही म्हणून यायचे.

ते भाषण मी पूर्ण ऐकलंय. बाई काय म्हणाल्या? वर्गांच्या भिंतींचा गिलावा मुलांच्या चित्रांनी धरून ठेवलेला, शाळेतली पुस्तकं चिकटपट्टीने जोडलेली, दुकानांच्या दारात झोपणारी माणसं, आणि हाव, स्वार्थ हे दुर्गुण सद्गुण म्हणून मिरवले गेले. यात खोटं काय आहे? समोरचे बाक ओरडत होते, पण बाई एका शब्दानेही अडखळली नाही. हुजूर पक्षाच्या एका सदस्याने हरकत घेतली, तेव्हा सभापतींनी सांगितलं की यात असंसदीय काहीही नाही.

लेस्टरकर

नियमात बसतं म्हणून शोभतं असं नाही. तुमच्या गावात रांगा लागल्या त्याला संपपुढारीही जबाबदार होते, ज्यांनी कामगारांचं देशव्यापी मतदान न घेता संप लादला. ते तुमच्या कथेत येत नाही. डॉक्टरांचा मुलगा, पोटाला चिमटा तुम्हाला बसला नव्हता.

उत्तरवारा

माझ्या आईवडिलांवर घसरू नका. चिमटा बसला नव्हता, म्हणूनच वर्गातल्या मुलांचे डबे डोळ्यांत राहिले. मतदानाचा मुद्दा खरा आहे, ती चूकच होती. पण त्या चुकीची शिक्षा पुढच्या पिढीला का? आणि प्रेत घरात असतानाचं म्हणाल, तर ती घरची बैठक नव्हती, संसद होती. एका राजवटीचा हिशोब तिथेच मांडायचा. सगळेच गोड बोलले असते तर माझ्या गावाची बाजू त्या दिवशी कुणी नोंदवली असती?

संपादक

वैयक्तिक शेरे टाळा. पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

आरती_ठाणे

धागा थॅचर यांचा झालाय, तरी मला ते भाषण इथे हवंच होतं. निशिकांत विचारतात, राजकारणात काय मिळवलं. मंत्रिपद लहान होतं, मान्य. पण इराक युद्धाला विरोध तिने स्वतःच्या पक्षाचं सरकार असताना केला. गप्प बसली असती तर जास्त वर चढली असती.

आणि हे सगळं बाजूला ठेवा, 'एलिझाबेथ इज मिसिंग' हा टीव्हीपट (२०१९) पाहा. स्मृतिभ्रंश झालेली मॉड, खिशात चिठ्ठ्याच चिठ्ठ्या, मैत्रीण हरवली म्हणून कासावीस. माझ्या सासूबाई शेवटची चार वर्षं तशाच होत्या. पर्सभर कागद, आणि आपण एकच गोष्ट पुन्हा विचारतोय हे समोरच्याच्या चेहऱ्यावरून ओळखून येणारा तो संताप. लोक त्या आजाराचा अभिनय करताना भाबडा, हरवलेला चेहरा करतात. हिने तो संताप दाखवला. त्यासाठी बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला आणि मुलाखतींत बाई पुरस्कारापेक्षा वृद्धांच्या देखभालीचा खर्च कुणी उचलायचा यावर जास्त बोलत होती. खासदार आणि नटी अशी दोन माणसं मला तिथे दिसत नाहीत.

निशिकांत

ते पाहिलंय. थोर काम आहे, त्यावर वाद नाही. २०१८ चं टोनी (अमेरिकन रंगभूमीचा पुरस्कार), ८२ व्या वर्षी ब्रॉडवेवर आठवड्याला आठ प्रयोग, मग तिथेच लिअर, मायकेल केनबरोबरचा शेवटचा चित्रपट, सगळं कबूल. पण यामुळेच जीव जास्त जळतो. शेवटच्या आठ वर्षांत एवढं दिलं, तर मधल्या २३ वर्षांत काय काय झालं असतं? क्लिओपात्रा तिने केली होती, साठीतली आणखी कुठली राणी, कुठली खलनायिका आपण गमावली? जून २०२३ मध्ये गेली. ते हिशोब आता कोण भरून देणार?

वसुधा_पार्ले

तेच तर, न झालेल्या भूमिकांचा हिशोब तुम्ही मांडताय. हॅम्पस्टेडच्या मतदारांनी पाच निवडणुकांत तिला पुन्हा पुन्हा पाठवलं, त्यांना ती हवी होती. त्यांच्यापेक्षा प्रेक्षकाचा हक्क मोठा कसा?

लेस्टरकर

शेवटच्या निवडणुकीत ४२ मतांनीच, हे वसुधाताई विसरतात. तरीही आरती यांनी सासूबाईंचं लिहिलं म्हणून मॉड बघेन. माझी मामी आता तशीच चिठ्ठ्या लिहिते. थॅचरबाईंवरच्या त्या भाषणाबद्दल मात्र माझं मत तेच.

उत्तरवारा

मामींबद्दल वाचून वाईट वाटलं. पण १९८० च्या कायद्याने विकली गेलेली कौन्सिलची घरं तेवढ्या संख्येने पुन्हा बांधली गेली नाहीत आणि आज तिथल्या तरुणांना भाड्याने घर मिळणं कठीण झालंय. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.