तुमच्या नावाची गोष्ट सांगा

गेल्या मार्गशीर्षात आई गेली. दिवसकार्य आटोपून पाहुणे पांगले, मी माहेरच्या मधल्या घरात एकटीच बसले होते, तेव्हा लक्षात आलं की मला 'शकू' म्हणणारं आता कुणी उरलं नाही. भाऊ धाकटा, तो 'ताई' म्हणतो. मावशी, आत्या केव्हाच गेल्या.

१९८६ साली माझं लग्न झालं आणि शकुंतलाची मेघना झाली. नाव मोठ्या दिरांनी काढलं होतं. वाईट नाव नाही, गोड आहे. नोकरी, बँक, निवृत्तिवेतन, मतदारयादी, सगळीकडे मी मेघनाच आहे, आणि त्या नावानं मला भरपूर माया मिळाली. पण ते ठेवताना मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारायचं असतं हे मलाही माहीत नव्हतं.

जुन्या बायकांची चरित्रं वाचताना मी आता आधी त्यांचं माहेरचं नाव शोधते. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे, त्याही यमुनाच. झाशीची राणी मणिकर्णिका, लक्ष्मीबाई टिळकही माहेरच्या मनकर्णिका, आणि दोघीही सासरी लक्ष्मी झाल्या. कर्व्यांच्या घरी गेलेल्या गोदूबाई आनंदीबाई झाल्या. एवढ्या मोठ्या बायका, आणि त्यांची पहिली नावं आपल्याला मुद्दाम शोधावी लागतात.

तुम्ही नाव बदललंत का? कुणी तुमचं बदललं का? आडनाव सोडलंत, घेतलंत? किंवा आपलं नाव जिवापाड आवडतं? त्यांनीही लिहा. खरं नाव सांगायलाच हवं असं नाही.

कृष्णाकाठ

शकूताई, मी सातारा जिल्ह्यातली. घरात तिसरी मुलगी. आमच्याकडे लागोपाठ मुली झाल्या की शेवटच्या मुलीचं नाव 'नकुशी' ठेवायचे, म्हणजे पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. माझ्या पाठीवर भाऊ झाला. त्यामुळे आमच्या घरात ती समजूत खरी ठरली आणि माझ्या नावात काही वाईट आहे असं कुणाला वाटेचना. उलट आजी कौतुकानं सांगायची, 'हिच्या नावानं पोरगा आला.'

शाळेत हजेरी घेताना नवे सर माझ्या नावापाशी थांबायचे. वर बघायचे, मग पुढचं नाव घ्यायचे. ते थांबणं मला पहिलीपासून आठवीपर्यंत दर वर्षी नव्यानं सोसावं लागलं.

२०११ मध्ये जिल्हा परिषदेनं अशा नावाच्या मुली शोधून काढल्या. नर्सबाई घरी आल्या आणि मला म्हणाल्या, 'तुला कुठलं नाव पाहिजे?' मी तेव्हा तेरा वर्षांची. आज भाजी कुठली करू, एवढंही मला घरात कधी कुणी विचारलं नव्हतं. मी दोन दिवस मागून घेतले. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर सात नावं लिहिली, प्रत्येकापुढे वडिलांचं नाव आणि आडनाव लावून बघितलं. मोठ्यानं म्हणता येईना, म्हणून गोठ्यात जाऊन म्हशीपुढे म्हणून बघितलं. एक नाव म्हणताना आवाज नीट निघाला. तेच सांगितलं.

२२ ऑक्टोबर २०११ ला साताऱ्यात कार्यक्रम झाला. त्या दिवशी २८५ मुलींना नवी नावं मिळाली. कुणी नट्यांची नावं घेतली होती, कुणी देवींची. हातात प्रमाणपत्र होतं, त्यावर माझं नाव छापलेलं. परतीच्या गाडीत मी ते मांडीवर धरून बसले, घडी पडू दिली नाही.

गावानं मात्र दोन-तीन वर्षं घेतली. पोरं मुद्दाम जुनं नाव घ्यायची. दहावीच्या गुणपत्रिकेवर नवं नाव आलं तेव्हा कुठे बंद झालं. आईनं नवं नाव आजवर एकदाही घेतलेलं नाही. पण त्या ऑक्टोबरनंतर जुनंही तिच्या तोंडून निघालं नाही. 'पोरी' म्हणते. दोन्हींच्या मधली ती हाक तिनं शोधून काढली आहे. तिच्यावर माझा राग होता, तो आता नाही. तिला तरी माझं पहिलं नाव कुणी विचारून ठेवलं होतं?

धोंडीराम

माझ्याआधी आईची दोन मुलं पाळण्यातच गेली. मी झालो तेव्हा नाक टोचलं आणि नाव ठेवलं धोंडीराम. दगडधोंड्याला न्यायला यम कशाला येईल, हा त्यामागचा विचार.

पुण्याला शिकायला आलो तेव्हा मित्र म्हणाले, बदलून घे, नोकरीला बरं पडेल. नाही बदललं. ज्या नावानं आई माझ्यासाठी मरणाशी भांडली, ते मी कागदावरून कसं पुसू? कंपनीत सगळे पूर्ण नाव घेतात. मीच तसं सांगून ठेवलं आहे.

निवांत, डोंबिवली

मी ७४ वर्षांचा आहे. शकूताईंनी लिहिलेलं वाचून दोन रात्री मनात घोळलं, म्हणून दुसऱ्या बाजूचं लिहितो. ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहिणारा हात माझा होता.

आमचं लग्न १९७८ चं. माझ्या आईचं नाव सुमन, आणि हिचंही सुमनच. एका घरात दोन सुमन कशा चालतील, शिवाय सुनेला हाक मारायची म्हणजे सासूचंच नाव घेतल्यासारखं. तेव्हा सगळ्यांनाच हे रास्त वाटलं. मी 'उज्ज्वला' लिहिलं. लक्ष्मीपूजन झालं, साखर वाटली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. हिच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं होतं का, ते आता कितीही आठवलं तरी आठवत नाही.

पहिले कितीतरी महिने ही हाकेला ओ देत नसे. चाळीतल्या बायका म्हणायच्या, नवी सून कमी ऐकते की काय. हिला ऐकू येत होतं. हाक आपल्यासाठी आहे हे कळायला वेळ लागत होता. मी मात्र तेव्हा तिच्यावर चिडलो होतो, चारचौघांत. ते अजून सलतं.

आई जाऊन वीस वर्षं झाल्यावर एकदा मी हिला विचारलं, आता तुला सुमन म्हणू का? ती गवारीच्या शेंगा मोडत होती. म्हणाली, 'नको. सुमनला इकडे आणू नका. ती माहेरी आहे, तिथेच बरी आहे.'

मी त्यावर काही बोललो नाही. पण कुणाच्या घरी आता लग्न ठरत असेल तर एवढं करा, मुलीला आधी विचारा. नाव बदलायलाच हवं असा कुठलाही कायदा नाही, तेव्हाही नव्हता. मला ते माहीत नव्हतं आणि मी माहीत करून घेतलंही नाही.

शकुंतला (आज इथे हेच लिहिते)

निवांतकाका, गवारीच्या शेंगांपाशी मी थांबले. काकूंना माझा नमस्कार सांगा.

वेस

धोंडीरामदादांचं वाचून आमच्या घरातलं लिहावंसं वाटलं. माझ्या आजोबांचं नाव कचरू होतं. काही घरांत अशी नावं मूल जगावं म्हणून ठेवत, हे खरं. पण आमच्या वस्तीत घरोघरी कचरू, धोंडी, दगडू असत, आणि तिथे ते प्रत्येक वेळी नवसाचं नसे. चांगलं नाव ठेवलं तर गावातले लोक 'एवढं मोठं नाव?' म्हणून विचारत. आजी हे सांगताना आवाज खाली करायची, जणू कुणी अजून ऐकतंय.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. आमचे आजी-आजोबा तिथे जाऊ शकले नाहीत, त्यांनी नंतर आमच्या भागातल्या सभेत दीक्षा घेतली. त्यानंतर घरात जन्मलेल्या पहिल्या मुलाचं नाव गौतम ठेवलं. ते माझे वडील. पुढे सिद्धार्थ, राहुल, प्रज्ञा, संघमित्रा. कचरूपासून गौतमपर्यंत एकच पिढी गेली. मला नाव बदलण्याविषयी कुणी विचारलं की मी आधी हेच सांगते. आमच्याकडे एकट्या माणसानं नाव बदललं नाही, सगळ्या वस्तीनं मिळून बदललं.

आडनावाचं मात्र अजून चालू आहे. वडील कॉलेजात गेले तेव्हा त्यांनी जुनं आडनाव सोडून गावाच्या नावाला 'कर' जोडलं. ते म्हणायचे, 'मी आडनाव लपवलं नाही, गाव लावलं.' मी लातूरहून पुण्याला नोकरीला आले, खोली शोधत होते. एका मालकीणबाईंनी आडनाव ऐकून चहा दिला. मग 'म्हणजे मूळचे कोण?' मी सांगितलं. चहा संपेपर्यंत खोली दुसऱ्या कुणालातरी देऊन झाली होती. घरी येऊन मी पहिल्यांदा वडिलांना विचारलं, जुनंच ठेवलं असतं तर? निदान दारातच कळलं असतं, चहा प्यावा लागला नसता. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'तुला जे लावायचं ते लाव. मला जे झेपलं ते मी केलं.'

मी अजून 'कर'च लावते. वडील गेल्यापासून तर सोडवतच नाही.

दूरदेश

माझं वेगळं. कॉलेजात असताना जातीचा वास नको म्हणून आडनाव टाकलं. पासपोर्टवर फक्त एकच नाव. अमेरिकेच्या व्हिसावर तेच नाव आडनावाच्या रकान्यात गेलं आणि नावाच्या जागी 'एफ एन यू' ही तीन अक्षरं आली. पहिलं नाव अज्ञात, असा त्याचा अर्थ. मग वाहन परवान्यावर, विम्यावर सगळीकडे तेच. दवाखान्यात परिचारिकेनं 'फनू' म्हणून पुकारलं तेव्हा मी जागचा हललो नाही. निवांतकाकांच्या घरातलं वाचताना ते आठवलं. आडनाव टाकल्याचा पश्चात्ताप नाही. आडनाव टाकणाऱ्यांनी पासपोर्टवर वडिलांचं किंवा आईचं नाव तरी दुसऱ्या रकान्यात लिहावं, एवढं कळकळीनं सांगतो.

गोदाघाट

नाशिक. वय २९. मी जन्मलो तेव्हा घरच्यांना मुलगी झाली असं वाटलं आणि बाराव्या दिवशी तसं नाव ठेवलं. ते नाव इथे लिहीत नाही. त्या नावाशी माझं वैर नाही, पण कुणी ते घेतलं की पोटात खड्डा पडतो.

सतराव्या वर्षी मनातल्या मनात एका क्रिकेटपटूचं नाव घेऊन बघितलं. मग अजून एक, मग अजून एक. अंगावर बसेना, दुसऱ्याचा शर्ट घातल्यासारखं व्हायचं. घरी सांगितलं तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. पप्पा चार महिने बोलले नाहीत. बोलली ती आत्या. ती म्हणाली, 'तू पोटात होतास तेव्हा तुझ्या बापानं दोन नावं काढली होती. एक तुला दिलं. दुसरं अजून माझ्याकडेच आहे.' तिनं ते सांगितलं आणि मला पुढे शोधावं लागलं नाही.

कागदांचं काम लांबलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की आपली ओळख आपण ठरवायची, आणि २०१९ च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र मिळण्याची सोय झाली. मी २०२१ मध्ये ऑनलाइन अर्ज केला. नावासाठी राजपत्राच्या भाग दोनमध्ये सूचना छापून घेतली, मग आधार, पॅन, बँक. पदवीच्या प्रमाणपत्राला सगळ्यात जास्त खेटे घालावे लागले. कोणी या वाटेनं जाणार असेल तर राजपत्राच्या त्या पानाच्या भरपूर प्रती काढून ठेवा आणि जुने कागद फाडून टाकू नका, पुन्हा पुन्हा मागतात.

राजपत्र आलं त्या रविवारी आत्या सिन्नरहून आली. हॉलमध्ये पाट मांडला. मला म्हणाली, 'बस. नाव ठेवायचा मान माझा आहे, सरकारचा नाही.' माझ्या कानाशी तोंड आणून तिनं 'कुर्रर्र' केलं आणि नाव सांगितलं. आईनं घुगऱ्या केल्या होत्या. पप्पा दारात उभे होते. घुगऱ्यांची वाटी त्यांनी घेतली, इतकंच. पण त्या आठवड्यात घरी पार्सल आलं, ते त्यांनी घेतलं, आणि खालून वर हाक मारली. नव्या नावानं. चुकून मारली की ठरवून, मी विचारलेलं नाही.

अंगणवाडी

माझी लेक जून २०२४ ची. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचा नियम आहे. जन्मदाखला हातात आला आणि तिच्या नावाला लागून माझं नाव दिसलं. माझ्या आईचं नाव माझ्या एकाही प्रमाणपत्रावर मधे नाही. मी तो दाखला आईला नेऊन दाखवला. तिनं चष्मा पुसून दोनदा वाचला.

शकुंतला

सगळ्यांचं वाचलं. काही दोनदा वाचलं. कृष्णाकाठ, तू गोठ्यात जाऊन नाव म्हटलंस, तशी मी काल स्वयंपाकघरात उभं राहून 'शकू' म्हणून बघितलं. आपलंच नाव आपण म्हटलं की हाक होत नाही.

कागदपत्रं मी बदलणार नाही. या वयात निवृत्तिवेतनाच्या खिडकीशी उभं राहायची ताकद नाही, आणि मेघनालाही मला घालवायचं नाही.

आज सकाळी भावाला फोन केला. म्हटलं, एक काम कर, एकदा मला शकू म्हण. तो सत्तावन्न वर्षांचा आहे. 'असं कसं म्हणू गं, मोठी आहेस तू,' म्हणाला. मी म्हटलं, आई म्हणायची तसं. बराच वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग त्यानं 'शकूताई' म्हटलं. 'ताई' सोडायला तो काही तयार झाला नाही.

दर रविवारी फोन करतो म्हणालाय.