मदत हवी आहे: आठवीतली मुलं एकटी एसटीत बसली की मोठ्यांशी कसं बोलावं?

भाचा १३ वर्षांचा, त्याची बहीण १४ ची. दर शनिवारी दोघांनी सातारा–कोरेगाव एसटीनं जायचं आहे. तिकीट, सुट्टे पैसे आणि 'ए पोरा, ऊठ' या तीन ठिकाणी मुलं एकतर गप्प होतात, नाहीतर उलट बोलतात. नेमकं काय शिकवावं?

लालपरी_सातारा:
आधी तिकीट. ५ ते १२ वर्षांपर्यंत हाफ, पुढे फुल. म्हणजे भाच्याला फुल. बहिणीला मात्र निम्मंच भाडं, कारण १७ मार्च २०२३ पासून महिलांना ५० टक्के सवलत आहे. हे घरातच समजावून ठेवा. नाहीतर 'ती मोठी, तिला निम्मं आणि मला फुल?' असं पोरगं भर गाडीत विचारतं, कंडक्टरला ती हुज्जत वाटते आणि आवाज चढतात.

बहिणीसाठी नुसतं 'हाफ' म्हणू नये. मुलांचा हाफ वेगळा, महिलांची सवलत वेगळी. 'काका, कोरेगाव, एक फुल, एक लेडीज' एवढं एका दमात बोलावं, पैसे हातात तयार ठेवून. जन्मतारीख असलेलं ओळखपत्र दप्तराच्या वरच्या कप्प्यात असू द्या. वय विचारलं की बोलण्याआधी तेच पुढे करायचं.

माणदेशी_माउली:
सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटामागे बाकी रक्कम पेनानं लिहून देतात. मुलं इथंच फसतात. लाजतात, मागत नाहीत, स्टँड येतो आणि गर्दीत उतरून जातात. तिकीट घडी करून खिशात कोंबू नये, हातात धरावं. उतरायच्या दोन थांबे आधी पुढे जाऊन तिकिटाची मागची बाजू दाखवायची: 'काका, माझे ऐंशी राहिलेत.' 'माझे पैसे द्या' असं तोडून म्हणू नये, रक्कम सांगावी. त्यांनाही पन्नास जणांचा हिशोब असतो. शक्यतो दहा-वीसच्या नोटाच द्या, पाचशेची देऊच नका.

लालपरी_सातारा:
जागेचं. खिडकीवर 'महिलांसाठी', 'ज्येष्ठ नागरिकांसाठी' असं लिहिलेली सीट असेल तर सांगायच्या आत उठावं. साधी सीट असेल तर फुल तिकीट काढलेल्या पोराचा हक्क मोठ्या माणसाइतकाच आहे. आजी किंवा कडेवर मूल घेतलेली बाई असेल तर द्यावी. धडधाकट माणूस दरडावत असेल तर 'काका, मी तिकीट काढलंय, कोरेगावला उतरतोय' एवढंच म्हणावं. वाद वाढवायचा नाही, कंडक्टरना हाक मारायची.

माणदेशी_माउली:
एक गोष्ट यापासून वेगळी शिकवा, दोघांनाही. कुणी मुद्दाम खेटत असेल, मांडीवर हात ठेवत असेल तर तिथं 'काका', 'मामा', मान राखणं काही नाही. लगेच उठायचं, मोठ्यानं 'हात काढा' म्हणायचं आणि कंडक्टरजवळ जाऊन उभं राहायचं. १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि ११२ (पोलीस, तातडीची मदत) हे दोन्ही नंबर पाठ करून घ्या; वहीत लिहिलेला नंबर त्या वेळी सापडत नाही.