घरी बनवलेला रिबन माईक: आवाज क्षीण, हम जास्त. नेमकं कुठे चुकतंय?

सुरपेटी

नमस्कार मंडळी. हार्मोनियम आणि गाणं घरी रेकॉर्ड करण्यासाठी रिबन माईक (चुंबकांच्या फटीत टांगलेली पातळ फॉइलची पट्टी आवाजाने हलते तो) जोडला आहे. चालतो, पण ऑडिओ इंटरफेसचा (माईकचा सिग्नल कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा) गेन पूर्ण वाढवला तरी आवाज दबलेला येतो. मागे सतत ‘सूंऽ’ आणि त्यात 50 हर्ट्झचा हम, म्हणजे विजेची घूं-घूं. तपशील देतो:

चुंबक: निओडिमियम एन42 (ताकदीचा दर्जा), 50 × 10 × 5 मिमीच्या दोन पट्ट्या समोरासमोर, 10 मिमीची बाजू फटीकडे. फट 6.5 मिमी.
रिबन: किचन फॉइल, 11 मायक्रॉन. रुंदी 5 मिमी, लांबी 50 मिमी.
ट्रान्सफॉर्मर: 230 ते 6 व्होल्ट, 500 मिलिअँपिअरचा मेन्सवाला, उलटा जोडलेला. गुणोत्तर 1:38 येतं म्हणून घेतला. मोजलं तर 6 व्होल्टची बाजू 1.2 ओहम, 230 ची बाजू 1 किलोओहम.
इंटरफेस: कमाल गेन 56 डेसिबल, इनपुट इम्पीडन्स 3 किलोओहम.

फॉइल बदलू, ट्रान्सफॉर्मर बदलू की दोन्ही? मिठाईवरचा चांदीचा वर्ख रिबन म्हणून चालेल का? आणि त्याच इंटरफेसवर कंडेन्सर माईकसाठी फँटम (केबलमधूनच माईकला जाणारा 48 व्होल्टचा पुरवठा) चालू करावा लागतो, त्याने रिबन खरंच तुटते का?

नेमकं_माप

आधी ट्रान्सफॉर्मर. गुणोत्तर बरोबर असून भागत नाही, वाइंडिंगचा रेझिस्टन्स बघावा लागतो.

तुमची 11 मायक्रॉनची रिबन जेमतेम 0.025 ओहमची आहे. तिच्यापुढे 1.2 ओहमचं वाइंडिंग, आणि पलीकडचा 1 किलोओहम 38 च्या वर्गाने भागला की आणखी 0.7 ओहम. म्हणजे सगळा स्रोत 1.9 ओहमचा, त्यात रिबनचा वाटा नगण्य. इंटरफेसचे 3 किलोओहम याच बाजूने पाहिले तर 2 ओहमच्या आसपास दिसतात. रिबनने तयार केलेला जवळपास निम्मा सिग्नल तांब्यातच जिरतो. शिवाय इंटरफेसला समोरून 2.8 किलोओहमचा स्रोत दिसतो. नीट बनवलेल्या रिबन माईकचा 200 ते 300 ओहम असतो. दहापट रेझिस्टन्स म्हणजे उष्णतेचा आवाज साधारण 10 डेसिबलने जास्त. तुमच्या ‘सूंऽ’चा मोठा भाग हाच.

2 मायक्रॉन जाड, 4.8 मिमी रुंद, 50 मिमी लांब रिबन सुमारे 0.14 ओहमची होते, नागमोडी घड्यांमुळे 0.15 धरा. तिला 1:35 ते 1:37 चा, खास रिबनसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर हवा. लुंडाल, सिनेमॅग, एडकॉर असे ट्रान्सफॉर्मर बनवतात. प्रायमरीचा, म्हणजे रिबनकडच्या वाइंडिंगचा, रेझिस्टन्स 0.05 ओहमच्या आत आहे का, हे डेटाशीटमध्ये बघून घ्या. सगळ्या माईकमध्ये महाग भाग हाच, आणि इथे काटकसर करू नये असं माझं ठाम मत आहे. चुंबकं आणखी ताकदवान एन52 घेऊन जे मिळत नाही ते इथे मिळतं.

दुसरं, रिबनपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंतची वायर. जाऊन-येऊन 20 सेमी, 0.1 चौरस मिमीची बारीक वायर असेल तर 0.034 ओहम झाले, रिबनच्या जवळपास पाव. 0.5 चौरस मिमीची घेतली तर 0.007. ट्रान्सफॉर्मर चुंबकांच्या शक्य तितका जवळ ठेवा, पण इतकाही नाही की चुंबकाच्या क्षेत्रात त्याचा कोअर सॅच्युरेट होईल. 4-5 सेमी अंतर आणि म्यु-मेटलचं (चुंबकीय क्षेत्र अडवणारा मिश्रधातू) कवच पुरे.

पातळ_पत्रा

आता फॉइल. रिबन माईकचा आवाज रिबनच्या वेगावर अवलंबून, आणि वेग वजनावर. हवेचं ओझं धरलं तरी 11 मायक्रॉनची रिबन 2 मायक्रॉनच्या मानाने तिपटीहून जड पडते, म्हणजे 10 डेसिबल सरळ गेले. त्याच्याही खाली जाण्याचा फायदा कमी होत जातो, कारण मग हवाच रिबनपेक्षा जड ठरते. बीबीसीने आखलेल्या कोल्स 4038 मध्ये 0.6 मायक्रॉनची रिबन असते, पण ती घरच्या टेबलावर हाताळण्याची वस्तू नाही. 1.8 ते 2.5 मायक्रॉन घ्या.

वर्ख नको. तो ठोकून केलेला असतो, जाडी कुठेच सारखी नसते, उजेडासमोर धरला की भोकं दिसतात. आणि चांदी वाहक म्हणून चांगली असली तरी तिची घनता 10.5, ॲल्युमिनियमची 2.7. वाहकता भागिले घनता केलं तर ॲल्युमिनियम दुपटीहून सरस. म्हणूनच सगळे तेच वापरतात.

सरावासाठी जुन्या फिल्म-फॉइल कपॅसिटरमधली 5-6 मायक्रॉनची पट्टी चालते. मेटलाइज्ड कपॅसिटरमध्ये सुटी फॉइल नसते, ते फोडून उपयोग नाही. तेल भरलेले जुने कपॅसिटर मात्र उघडूच नका, त्या तेलात विषारी पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल) असू शकतं.

कापणं: खोलीतला पंखा बंद. काचेवर ट्रेसिंग पेपर, त्यावर फॉइल, वर पुन्हा ट्रेसिंग पेपर. स्टीलची पट्टी दाबून धरा, 11 नंबरचं कोरं सर्जिकल ब्लेड, एकाच ओढीत काप. कड जरा जरी फाटली तरी ती पट्टी टाकून द्या, नंतर तिथूनच चिरत जाते. उचलायला बोटं नाहीत, मऊ ब्रश.

घड्या: 0.5 मॉड्यूलचे दोन गिअर, म्हणजे दातांमधलं अंतर 1.57 मिमी. कागदाच्या सँडविचसकट फॉइल त्यातून हलक्या दाबाने फिरवा. दाब जास्त झाला की घडीच्या टोकावर फॉइल कापली जाते. 50 मिमीच्या खिडकीसाठी 65 मिमीची पट्टी घ्या, घड्यांमुळे लांबी कमी होते.

फट: 6.5 मध्ये 5 ची रिबन म्हणजे दोन्ही बाजूंना 0.75 मिमी. तिथून हवा निसटते आणि चुंबकीय क्षेत्रही पातळ होतं. दर बाजूला 0.25 मिमी ठेवा. 4.8 ची रिबन असेल तर फट 5.3.

चुंबकाची 10 मिमी खोली ही ट्रेबल कमी होण्याचं एक कारण आहे. समोरून मागे जायला आवाजाला चुंबकाला वळसा घालावा लागतो, तुमच्याकडे तो साधारण 35 मिमीचा. ज्या स्वराची तरंगलांबी तेवढीच, तिथे रिबनच्या दोन्ही बाजूंचा दाब पुन्हा सारखा होतो आणि माईक बहिरा होतो. ढोबळ हिशोबाने हे 10 किलोहर्ट्झच्या अलीकडेच. 5 × 5 मिमीच्या पट्ट्या लावल्या तर वळसा 25 मिमीवर येतो आणि हा खड्डा 13-14 किलोहर्ट्झवर सरकतो. आवाज थोडा घटतो, पण गाण्यासाठी हा सौदा योग्य आहे.

सुरपेटी

खूप आभार दोघांचे. ट्रान्सफॉर्मर मागवतो. ताण किती द्यायचा हे कसं ठरवायचं? आणि रिबनचा रेझिस्टन्स साध्या मल्टीमीटरने मोजू का?

पातळ_पत्रा

चुंबकं बसवलेली असताना मोजू नका. रिबनमधून करंट गेला की ती ढकलली जाते. 10 मिलिअँपिअरसुद्धा तिच्या वजनाच्या दहापटीहून जास्त जोर लावतो. चुंबकं काढून, फक्त चौकटीत क्लॅम्प केलेल्या रिबनमधून 100 मिलिअँपिअर सोडा आणि क्लॅम्पवर मिलिव्होल्ट वाचा. 15 मिलिव्होल्ट आले की 0.15 ओहम. 30 आले तर क्लॅम्पचा संपर्क खराब आहे. पितळ पॉलिश पेपरने घासा, आयसोप्रोपिलने पुसा, पुन्हा कसा. ॲल्युमिनियमवर ऑक्साइड लगेच चढतं, म्हणून क्लॅम्प चारही स्क्रूंवर सारखा आवळलेला हवा.

ताण: रिबन 25 ते 40 हर्ट्झवर डोलली पाहिजे. माईक जोडून झाला की स्टँडला बोटाने हलकी टिचकी मारा आणि रेकॉर्डिंगमधली विरत जाणारी लाट बघा. दोन शिखरांत 33 मिलिसेकंद म्हणजे 30 हर्ट्झ. 100 च्या वर गेली तर ताण जास्त, बास उडेल. 15 च्या खाली गेली तर रिबन सैल आहे आणि चुंबकाला घासेल.

याच आकड्यावरून माईक आडवा का ठेवू नये तेही कळतं. 30 हर्ट्झची रिबन आडवी केली की स्वतःच्या वजनाने सुमारे 0.28 मिमी झोळते, 20 हर्ट्झची 0.6 मिमी. महिनोन्महिने तशीच पडली तर ती झोळ कायमची. उभाच ठेवा, वर पिशवी घालून.

तांब्याची_तार

हमबद्दल. मेन्स ट्रान्सफॉर्मरला कवच नसतं, तो स्वतःच 50 हर्ट्झची अँटेना आहे. तो गेला की बराच हम जाईल. उरलेला रिबन आणि तिच्या वायरीच्या वेटोळ्यातून येतो. रिबनच्या वरच्या टोकापासून एक नाही, दोन वायरी खाली आणा, एक चुंबकाच्या डावीकडून, एक उजवीकडून, आणि खाली जोडा. दोन वेटोळ्यांत उलटा हम तयार होतो आणि एकमेकांना मारतो. तिथून पुढे पीळ देऊन ट्रान्सफॉर्मरपर्यंत. माईकची नळी आणि जाळी एक्सएलआर प्लगच्या पिन 1 ला, म्हणजे शील्डला. जाळी पितळेची किंवा 304 स्टीलची. साधं लोखंड चुंबकाकडे ओढलं जातं. फाइलिंग, ड्रिलिंग सगळं चुंबकं बसवण्याआधी दुसऱ्या टेबलावर करा. फटीत शिरलेला लोखंडाचा कीस रिबन असताना निघत नाही. रिबन अजून बसवलेली नसेल तर चिकटपट्टीने टिपून काढा.

फँटम: ट्रान्सफॉर्मर आणि केबल ठीक असेल तर पिन 2 आणि 3 वर सारखेच 48 व्होल्ट येतात, रिबनला काही कळत नाही. धोका सदोष केबलचा. समजा पिन 3 शील्डला शॉर्ट आहे. 6.8 किलोओहममधून 7 मिलिअँपिअर सेकंडरीत, म्हणजे इंटरफेसकडच्या वाइंडिंगमध्ये, घुसतात. 1:37 मुळे त्या क्षणी रिबनमधून पाव अँपिअरचा झटका जातो. फटीत 0.3 टेस्ला क्षेत्र धरलं तर हा जोर 1.3 मिलिग्रॅमच्या रिबनच्या वजनाच्या सुमारे 300 पट. रिबन फटीबाहेर फेकली जाते, घड्या उलगडतात. म्हणून केबल आधी मल्टीमीटरवर तपासा, फँटम चालू असताना प्लग लावू-काढू नका, आणि पॅचबेमधून (केबल अदलाबदलीच्या जॅकचं पॅनेल) रिबन कधीच नेऊ नका. जॅक आत सरकताना काही क्षण शॉर्ट होतोच.

तुमच्या 56 डेसिबलला पुरेसा सिग्नल मिळाला नाही तर 20-25 डेसिबलचा इनलाइन बूस्टर (केबलच्या मधे जोडायचा छोटा ॲम्प्लिफायर) लावा. तो फँटमवर चालतो आणि माईककडे फँटम जाऊ देत नाही. म्हणजे तुमची दुहेरी सोय.

खर्ज

वापराबद्दल थोडं. हा माईक पुढून आणि मागून सारखाच ऐकतो, बाजूने ऐकत नाही. त्यामुळे मागे दीड मीटरच्या आत उघडी भिंत नको. असलीच तर गादी किंवा जाड रजई उभी करा. गायकाशेजारी तानपुरा वाजत असेल तर माईकची बहिरी बाजू तानपुऱ्याच्या भोपळ्याकडे करा, दोन्ही आवाज बऱ्यापैकी वेगळे मिळतात.

गायकापासून 35-40 सेमी, नाकाच्या उंचीच्या थोडा वर, 30 अंश तिरका, मधे पॉप फिल्टर. 15 सेमीवर आलात तर खर्ज फुगतो आणि शब्द बुडतात. हार्मोनियमसाठी भात्याच्या बाजूने नाही, पट्ट्यांच्या बाजूने, वरून 50-60 सेमी. भात्याची हवा रिबनवर गेली की गडगड येते. तबल्याला 60 सेमी, आणि डग्ग्याच्या तोंडासमोर सरळ कधीच नाही. बासरीला फुंकेच्या रेषेबाहेर, वरून. सनईसारख्या कर्कश होऊ शकणाऱ्या वाद्याला मात्र रिबन फार शोभतो.

रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद, एसीची पाती माईककडून वळवलेली. मिक्स करताना 70 हर्ट्झखाली कट आणि 8 किलोहर्ट्झपासून वर 3-4 डेसिबल शेल्फ, म्हणजे त्यावरचं सगळं तेवढं वाढवणं. रिबन हे वाढवणं न चरचरता सहन करते, पण आवाज आणि सूं यांचं प्रमाण आधी सुधारलेलं हवं, नाहीतर शेल्फने तो ‘सूंऽ’ही वर येईल.