नायट्रोजननंतर ऑक्सिजनला आयनन ऊर्जा का घसरते?

शून्यसंयुजा: स्लेटरच्या नियमांनी (बाकीचे इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ किती झाकतात याचे ठोकताळे) प्रभावी केंद्रकीय प्रभार, म्हणजे बाहेरच्या इलेक्ट्रॉनला प्रत्यक्ष जाणवणारा प्रभार, काढला. नायट्रोजन: ७ − (४×०.३५ + २×०.८५) = ३.९०. ऑक्सिजन: ४.५५. ओढ वाढली, तर इलेक्ट्रॉन काढायला ऊर्जाही जास्त लागायला हवी. पण तक्त्यात पहिली आयनन ऊर्जा (अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढायला लागणारी) १४०२ वरून १३१४ किलोज्यूल प्रतिमोलवर उतरते. बेरिलियम-बोरॉनलाही तेच, ८९९ वरून ८०१. माझं कुठे चुकतंय?

उपकवच: आकडेमोड बरोबर आहे, नियमच ढोबळ आहेत. स्लेटर २एस आणि २पी ही दुसऱ्या कवचाची दोन्ही उपकवचं एकाच गटात धरतो. बेरिलियमचा इलेक्ट्रॉन २एसमधून निघतो, बोरॉनचा २पीमधून. २एस केंद्रकाच्या जवळ जास्त घुसतो, आणि २पीला तीच २एसची जोडी थोडीफार झाकते. म्हणून बोरॉनचा सुटायला सोपा.

नायट्रोजनला ‘अर्धं भरलेलं उपकवच स्थिर’ हे उत्तर मार्क मिळवून देतं, पण त्यातून कळत काहीच नाही. त्यापेक्षा पी-मधल्या समान स्पिनच्या जोड्या मोजा; अशी प्रत्येक जोडी अणूला थोडी स्थिरता देते, ती तुटली की इलेक्ट्रॉन काढणं महाग पडतं. तीन समांतर इलेक्ट्रॉन म्हणजे ३ जोड्या. एक काढला की १ उरते, तोटा २ चा. ऑक्सिजनचा चौथा उलट्या स्पिनचा, दुसऱ्यासोबत एकाच कक्षकात कोंबलेला. तो गेला तरी तिन्ही जोड्या शाबूत, तोटा ०. बोरॉन ते निऑन असा तोटा मांडा: ०, १, २, ०, १, २. आता ऊर्जा बघा: ८०१, १०८६, १४०२, मग १३१४, १६८१, २०८१. दोन सरळ चढ, मध्ये एक पायरी खाली.

शून्यसंयुजा: हे पटलं! मग गणात खाली अ‍ॅल्युमिनियम ५७८ आणि गॅलियम ५७९ कसं? कवच वाढूनही?

लॅन्थॅनाइड: मधे ३डी चे १० इलेक्ट्रॉन येतात, आणि डी झाकण्यात कच्चा. केंद्रकाचा प्रभार १३ वरून ३१ वर जातो, तो पुरता अडत नाही, त्यामुळे बाहेरचा इलेक्ट्रॉन आत खेचला जातो. हाफ्नियमच्या आधी भरणारा ४एफ तर आणखी कच्चा: झिर्कोनियमची त्रिज्या १६० पिकोमीटर, गणात त्याखालच्या हाफ्नियमची १५९. दोघांचं रसायन इतकं सारखं की हाफ्नियम १९२३ मध्ये कोपनहेगनला सापडला तोही झिर्कोनियमच्या खनिजातच.

त्रिज्यांचा आलेख काढणार असाल तर एक जपा. फ्लोरीनची ६४ पिकोमीटर ही सहसंयुजी त्रिज्या (बंधातल्या अणूची), निऑनची १५४ ही व्हॅन डर वाल्स (बंध नसलेल्या, नुसत्या टेकलेल्या अणूची). दोन्ही एकाच रेषेवर टाकल्या की आवर्ताच्या शेवटी खोटी उडी दिसते.