कॅशचं प्लगिन काढलं तरी जुनंच पान दिसतंय?

वर्डप्रेसच्या साइटवरचं कॅशचं, म्हणजे पानांच्या तयार प्रती साठवून दाखवणारं, प्लगिन डिलीट केलं, तरी वाचकांना जुनाच लेख दिसतो आणि तुम्हाला मात्र नवा, असं तुम्ही म्हणताय. वर्डप्रेसची बहुतेक कॅश प्लगिन्स लॉगिन केलेल्याला साठवलेलं पान दाखवतच नाहीत. त्यामुळे तपासणी नेहमी इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खासगी विंडोत लॉगिन न करता करा.

कुणीतरी तुम्हाला सगळी प्लगिन्स बंद पाडायला त्यांच्या फोल्डरचं नाव बदलायला सांगितलंय. एरवी उत्तम उपाय, पण इथे पुरणार नाही. खरी मेख त्या फोल्डरच्या बाहेर आहे: वर्डप्रेसच्या डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमधली, साठवलेली पानं दाखवणारी 'अ‍ॅडव्हान्स्ड-कॅश.पीएचपी' ही फाइल. प्लगिन गेलं तरी कधीकधी ती तिथेच ठाण मांडून बसते. आधी बॅकअप घ्या, खरंच घ्या. डब्ल्यूपी-कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमध्ये एक अवतरणचिन्ह चुकलं तरी सगळी साइट बंद पडते. मग ती 'अ‍ॅडव्हान्स्ड-कॅश.पीएचपी' फाइल काढा, डब्ल्यूपी-कॉन्फिगमधली 'डब्ल्यूपी_कॅश'ची ओळ फॉल्स (म्हणजे बंद) करा आणि डब्ल्यूपी-कंटेंटमधलं कॅश फोल्डर रिकामं करा.

तरीही जुनंच दिसलं, तर होस्टिंगच्या पॅनेलमध्ये सर्व्हरची वेगळी कॅश चालू आहे का ते बघा. साइटपुढे क्लाउडफ्लेअर (पानं स्वतःच्या सर्व्हरवरून पोचवणारी सेवा) असेल तर तिथे अख्खी पानं साठवायचा नियम लावलाय का, तेही. आणि नवं प्लगिन टाकाल तेव्हा कॅशचं एकच ठेवा, दोन एकत्र अजिबात नकोत.