शेताची वही फोनात, पण किल्ली कोणाच्या खिशात?

पऱ्हाटीवाला, दारव्हा

माझं म्हणणं सरळ आहे. फोनात नोंदी ठेवायच्या तर जॉप्लिनसारख्या मुक्त स्रोत, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता येतो अशा ॲपात ठेवा आणि सेटिंगमध्ये जाऊन एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे ज्याची किल्ली फक्त आपल्याकडे असते असं कुलूप, स्वतः चालू करा. ते आपोआप चालू होत नाही. चालू केलं की नोंद फोनातच कुलूपबंद होते आणि मग ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह अशा इंटरनेटवरच्या कोठारात, जिथे पाठवाल तिथे जाते. तिथल्या माणसाने उघडली तरी त्याला नुसती अक्षरांची खिचडी दिसते.

माझ्या वहीत पऱ्हाटी (कपाशी) कधी टोबली, कोणता फवारा किती मिली, जिनिंगच्या काट्यावर किती भरलं, एवढंच असतं तर कोणी वाचलं तरी मला फरक नव्हता. पण त्याच वहीत शेजारच्या काकांना पेरणीला दिलेले ८,००० आहेत. 'घरी बोलू नको' असं सांगून त्यांनी नेलेत. निंदणाला येणाऱ्या बायांची उचल आहे. आईच्या गोळ्या आहेत. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, तेव्हापासून मी फवारायला कोण गेलं, किती वेळ होता, संध्याकाळी डोळे चुरचुरले का, हेही लिहितो. म्हणजे दुसऱ्याच्या अंगाची गोष्ट माझ्या वहीत आहे. ती परक्याच्या हाती देण्याचा हक्क मला कोणी दिला?

कृषी केंद्र, दिग्रस

भाऊ, तुमची कळकळ पटते, पण भीती चुकीच्या दिशेला आहे. परदेशातल्या कंपनीला तुमच्या काकांच्या ८,००० शी काय करायचं? काकांची गोष्ट फुटली तर ती पानठेल्यावर फुटेल. तुमचा फोन हातात घेऊन 'जरा दाखव' म्हणणाऱ्या माणसाकडून फुटेल. त्याच्यासाठी फोनाची पिन पुरते.

मी गूगलचं नोंदींचं ॲप, गूगल कीप वापरतो. दुकानात गर्दी असली की मराठीत बोलतो, ते लिहून घेतं. मागच्या आखाडात फोन नाल्यात पडला. नवा घेतला, खात्यात शिरलो, दहा मिनिटांत सगळी उधारी डोळ्यांपुढे. तुमच्या कुलुपात हे जमेल का?

पऱ्हाटीवाला, दारव्हा

जमेल, पासवर्ड आठवला तर. पण कंपनीला काय करायचं, हा प्रश्न कंपनीवर सोडून चालत नाही. एव्हरनोट या नोंदींच्या ॲपाच्या कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये धोरण काढलं होतं की मशीन लर्निंग (नोंदींवरून संगणकाला शिकवणं) नीट चालतंय का हे पाहायला आमची काही माणसं तुमच्या नोंदी वाचू शकतील. लोक खवळले म्हणून मागे घेतलं. आणि २०२३ च्या शेवटी त्यांनीच फुकटच्या खात्याला ५० नोंदी आणि एक वही अशी मर्यादा घातली. आज उधारी दहा मिनिटांत परत आली. नियम त्यांचे आहेत, उद्या बदलले तर तुम्ही काय करणार?

संत्रा बाग, वरुड

भाऊ, मी तुमच्या विरुद्ध लिहिते आहे, राग मानू नका.

माझे मोठे दीर मागच्या पावसाळ्यात गेले. अचानक. संत्र्याचा मृग बहार झाडावरच व्यापाऱ्याला दिला होता, इसार घेतला होता. किती घेतला, कधी घेतला, ते फक्त त्यांच्या फोनात. फोनाला पिन, नोंदीच्या ॲपला वेगळा पासवर्ड. तेरवी झाली आणि व्यापारी दारात. तो म्हणतो पावणेदोन लाख दिले. जाऊबाईंना आठवतं सव्वा लाख. पुतण्याने जन्मतारीख टाकून पाहिली, बैलांची नावं टाकून पाहिली, गाडीचा नंबर टाकून पाहिला. सिम घरात होतं, साधं खातं असतं तर ओटीपी मागवून उघडता तरी आलं असतं. तुम्ही म्हणता तसल्या ॲपात कंपनीलाही उघडता येत नाही. हे तुम्हाला चांगलं वाटतं. आमच्या घरात त्याच कुलुपाने बाई हिशोबाला मुकली.

वावरातला, मानोरा

काहून एवढी झंझट बाप्पा? मले तं दोनशे पानाची वही पुरते. लाइन गेली तरी उघडते, पासवर्ड लागत नाई, बायकोले वाचता येते, पोराले वाचता येते. माह्या बापाच्या वह्या अजून कोठीत हायेत, कोन्त्या साली पानी कवा आलं ते त्यात सापडते. तुमचं ॲप चाळीस वर्सं टिकन का?

हिंगणा, नागपूर

वहीवाल्या दादांचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. म्हणूनच मी ॲपपेक्षा फायलीकडे पाहतो. लॉगसेकची फायलींवर चालणारी आवृत्ती आणि ऑब्सिडियन ही ॲपं नोंदी मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुराच्या फायलींत ठेवतात, ॲप बंद पडलं तरी त्या कुठल्याही संगणकावर वाचता येतात. यातलं ऑब्सिडियन मुक्त स्रोत नाही, हे लोक विसरतात. जॉप्लिन स्वतःचा डेटाबेस ठेवतं, पण मार्कडाउनमध्ये बाहेर काढून देतं. वर्षातून एकदा तसं काढून पेन ड्राइव्हवर ठेवा.

आता दारव्ह्याच्या भाऊंची एक समजूत दुरुस्त करतो. जॉप्लिनचं एन्क्रिप्शन नोंद बाहेर जाताना लागतं. तुमच्या लॅपटॉपवरची प्रत उघडीच असते. दिग्रसच्या दादांचा पानठेलावाला तुमच्या लॅपटॉपवर बसला तर त्याला सगळं दिसेल. पण वरुडच्या ताईंनी सांगितलेल्या संकटात घरच्या लॅपटॉपवरची हीच उघडी प्रत घरच्यांच्या कामी येते.

आणि कोड उघडा आहे म्हणजे तो कोणीतरी तपासला आहे असं समजू नका. तपासता येतो, इतकंच.

ग्रामसभा कार्यकर्ती, कुरखेडा

आमच्याकडे प्रश्न याहून वेगळा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची आणि त्यांच्याबद्दल लोकांना असलेल्या माहितीची नोंद, करायची असते. त्या कामात मी एका वैदू आजोबांजवळ तीन दिवस बसले. त्यांनी एक मूळ दाखवलं, कुठल्या नाल्याच्या कोणत्या काठाला येतं तेही दाखवलं, आणि म्हणाले, लिहून घे पण जागा लिहू नको. मी जागा लिहिली नाही. कागदावर नाही, फोनातही नाही. कुलूप कितीही पक्कं असलं तरी लिहिलेलं कधी ना कधी कोणीतरी वाचतं. भाऊ, काकांच्या ८,००० पुढे नाव लिहायलाच हवं का? तुम्हाला कळेल अशी खूण पुरे.

पऱ्हाटीवाला, दारव्हा

ताई, खुणेचं पटलं. आज रात्री तेवढी नावं काढतो. एन्क्रिप्शन मात्र काढणार नाही, कारण आईच्या गोळ्यांना खूण लावून चालत नाही, दवाखान्यात नाव स्वच्छ लागतं.

वरुडच्या ताई, तुमचं वाचून काल झोप लागली नाही. एन्क्रिप्शनचं कुलूप उघडणारा मास्टर पासवर्ड कागदावर लिहिला, पाकिटात घालून सातबाऱ्याच्या डब्यात ठेवला. बायकोला दाखवलं. रविवारी मी वावरात असताना तिने एकटीने लॅपटॉप उघडून काकांची नोंद शोधायची, असं ठरलं आहे. तिला जमलं नाही तर माझी व्यवस्था चूक, हे मी इथेच लिहीन. तुमच्या इसाराचं पुढे काय झालं?

संत्रा बाग, वरुड

मिटलं नाही अजून. गावातली दोन माणसं मध्ये बसली, तर व्यापारी दीड लाखावर आला आहे. जाऊबाई तयार नाहीत. फोन कपाटात आहे. दर पंधरा दिवसांनी मी चार्जिंगला लावते.